संत पारास्केवीचे डोळे

बायझंटाईन काळातली चित्रं आणि चर्च वाचवणाऱ्या त्या संस्थेत एव्हान्थियाचा दरारा होता. चाळीस चर्चच्या भिंती तिच्या हाताखालून गेल्या होत्या. जिथे जिथे संतांचे डोळे खरवडलेले दिसले, तिथे ‘नासधूस कोणी केली’ या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता: तुर्कांनी. सोयीचंच ते. गेलेल्यांवर खापर फोडलं की गावात कुणाशी वाकडं येत नाही.

या वेळी चर्च तिच्याच गावचं होतं, एपिरस प्रांताच्या डोंगरातलं. तिथल्या भिंतीवरची पारास्केवी म्हणजे डोळ्यांची दुखणी बरी करणारी संत, आणि नेमके तिलाच डोळे नाहीत! लहानपणापासून या भिंतीपुढे एव्हान्थियाचा जीव तुटायचा.

सकाळी परांचीवर चढून तिने भिंग लावलं. संतिणीच्या कपाळावर कुणा सैनिकाने साल कोरलं होतं, १९४१. डोळ्यातून वर गेलेला ओरखडा ते आकडे कापून गेला होता. आकडे आधीचे, ओरखडा नंतरचा. आणि तुर्क तर १९१३ सालीच गेले होते.

म्हणजे गावातलंच कुणीतरी!

ती तरातरा चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेली. "कोणी केलं ते सांगा! नाव अहवालात टाकणार मी, पोलिसांतही देणार!"

सोंगट्यांचा खेळ थांबला. कुणी तिच्याकडे बघेना.

"सोड ना पोरी," म्हातारा दुकानदार थोदोरोस म्हणाला. "तुर्कांच्या नावावर एवढं घातलंस, त्यात आणखी एक घाल."

"काका, तुम्हाला ठाऊक आहे!"

"मला? मला तर हल्ली ऐकूही येत नाही."

दुपारी तिची आई देस्पो काठी टेकत चर्चमध्ये आली. फडक्यात पालक भरून भाजलेली पिटा होती. पंच्याऐंशीची बाई, पण या भिंतीपुढे तिने कधी मान वर केली नव्हती. लेकीला ती भक्ती वाटायची.

"चौकात ओरडलीस म्हणे."

"मग काय करू, आई? असला हात झडायला हवा—"

"हा घे," म्हणत देस्पोने उजवा हात पुढे केला.

एव्हान्थियाने हातातलं भिंग खाली ठेवलं.

"तीन वर्षांची होतीस. दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले. आठ दिवस बर्फ, डॉक्टर खाली यानिना शहरात. थोदोरोसची आई म्हणाली, संतिणीच्या डोळ्यांची माती खरवडून काढ आणि तीर्थात कालवून पोरीच्या डोळ्यांना लाव. सगळ्याच लावायच्या गं. आधीच्या बायकांनी डोळे संपवतच आणले होते. मी केसांतली पिन काढली. उरलेलं खरवडताना ती कपाळावर सरकली."

"सगळ्याच?" एव्हान्थियाला एकामागून एक त्या चाळीस भिंती आठवल्या. ती परांचीच्या फळीवर बसली.

"लिही माझं नाव," देस्पो म्हणाली. "पोलिसांनाही सांग. एवढी वर्षं मी संतिणीच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही."

तिने अहवाल मांडीवर घेतला. त्या रकान्यात सवयीने कालच ‘तुर्कांनी’ लिहून ठेवलं होतं. एव्हान्थियाने ते खोडलं. तिने लिहिलं: माझ्या आईने, माझ्यासाठी. पुढचं तिला दिसेना, अक्षरं पाण्यात पोहू लागली.

देस्पोने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तिचे डोळे पुसले, जरा जोरातच. "पुरे आता. रडून डोळे खराब नको करूस. ते काही तुझ्या एकटीचे नाहीत."