टॅबमधली ढोलकी

चतुराबाईंनी टॅबच्या काचेवर बोट ठेवलं आणि विहारातल्या सगळ्या बायका टाळीसाठी हात उचलून बसल्या. काचेवर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. उचललेले हात आधी दुखायला लागले, मग एकेक करून मांडीवर आले. कडूबाईंनी तेवढ्यात चष्मा पुसून घेतला.

"झाला का सुरू?" वनमालाने विचारलं.

"फिरू लागलाय," चतुराबाई म्हणाल्या.

"फिरू द्या मग. तवर मी भाकरी टाकून येते."

बायकांमध्ये खसखस पिकली. शेवटी चतुराबाईंनी नुसत्या टाळ्यांवर गाणं उचललं. गाणं त्यांनी स्वतःच रचलेलं होतं: 'पाटी आली लेकीच्या हाती, उजळल्या बाई घराच्या भिंती.' पहिलं कडवं झालं, दुसरंही संपत आलं, आणि तेव्हा कुठे टॅबमधली ढोलकी दणक्यात सुरू झाली. चार ठोके देऊन ती पुन्हा गप्प बसली. कडूबाई इतक्या दचकल्या की त्यांचा पुसलेला चष्मा नाकावरून खाली आला.

विहाराच्या पायरीवर बसलेल्या जालिंदरांनी मान वळवून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

जालिंदर म्हणजे चतुराबाईंचे मालक. घाटनांदूरच्या रेल्वेमार्गावर गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. विहाराची किल्ली त्यांच्याकडे असे, त्यामुळे तालीम संपेपर्यंत पायरीवर बसून राहायला त्यांना कारण मिळालेलं होतं. किल्ली बायकांकडे देऊन घरी जाता आलं असतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

खरं तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत बायकांच्या या गायन मंडळाची ढोलकी तेच वाजवत. हात गोड, गावात नाव होतं. एकच खोड होती. गाणं रंगलं की त्यांना राहवत नसे, लय वाढत जाई आणि बायका धापा टाकत मागून पळत. त्या वर्षीच्या भीमजयंतीला तर त्यांनी असा काही वेग धरला की कडूबाईंची कवळी निसटली आणि थेट पेटीवर जाऊन पडली. सगळी गल्ली हसली. वनमाला म्हणाली, "मामा, तुमची ढोलकी पॅसेंजर म्हणून निघती आन् परळी यायच्या आत एक्स्प्रेस होती." जालिंदरांनी तेही हसून सोडून दिलं असतं. पण तेवढ्यात त्यांना दिसलं की चतुराबाईही हसतायत, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते त्यांना लागलं.

"आता मशीनवर गा," घरी आल्यावर ते म्हणाले होते. "पाया पडलीस तरी ढोलकीला हात लावनार न्हाई."

"कोन पडतंय पाया!" चतुराबाई म्हणाल्या होत्या.

झालं. एवढ्या दोन वाक्यांवर दोन वर्षं गेली. बाकी संसारात काही कमी नव्हतं. चहा वेळेवर होत होता, भांडणंही वेळेवर होत होती. फक्त ढोलकी माळ्यावर होती आणि तिचं नाव कुणी काढत नव्हतं. अंबाजोगाईला नर्स असलेल्या त्यांच्या लेकीने, पंचशीलाने, आपला जुना टॅब आईला दिला आणि त्यात ढोलकीचा ठेका घालून दिला. ठेका सरळ, एका चालीचा. ना पळायचा, ना रुसायचा. बायका खूश झाल्या. जालिंदर किल्ली घेऊन पायरीवर बसू लागले. आत गाणं सुरू झालं की त्यांची बोटं आपोआप फरशीवर चालत. समोर दाराकडे तोंड करून बसलेल्या चतुराबाईंना ती बोटं दिसत असतील, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

आणि आता, अंबाजोगाईचा कार्यक्रम चार दिवसांवर आला असताना, टॅबने मान टाकली होती. मंडळाला गावाबाहेरचं पहिलंच बोलावणं होतं. पंचशीलाच्या कॉलनीत जयंतीचा कार्यक्रम होता, मांडव घातला जाणार होता. साड्यासुद्धा एका रंगाच्या ठरल्या होत्या.

वनमाला उठून दारात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मामा, खरं सांगा. तुमीच कायतरी केलंय ह्याला."

"मी? मी कावून करू?" जालिंदर ताडकन उठले. "मी शिवलो बी न्हाई त्याला."

"मग परवापर्यंत चांगला होता, एकदम कावून मंदावला?"

आतून चतुराबाईंचा आवाज आला. "उगं त्यांच्यावर आळ घिऊ नको गं. त्यांना तो चालू तरी करता येतोय का?"

बाजू घेतली म्हणून बरं वाटून घ्यावं की अपमान झाला म्हणून रागवावं, ते जालिंदरांना ठरवता येईना. त्यांनी हात पुढे केला. "आना इकडं. सकाळी प्रवीणला दाखवून आनतो."

प्रवीणचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर होतं. त्याने टॅब हातात घेतला, दोनचार ठिकाणी बोटं लावली, वाट पाहिली आणि हसत मान हलवली.

"काका, हा आजारी न्हाई. म्हातारा झालाय. ह्याच्यावर नवीन अपडेट चढवलंय कुनीतरी. जुन्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपल्यावर दुसरं काय व्हायचं?"

"आपोआप चढतंय का ते?"

"ह्याच्यात न्हाई चढत. मी तसं बंद करून दिलंतं. विचारल्याबिगर हलत न्हाई. 'आता' करू का 'नंतर', असं चांगलं मराठीत विचारतंय. मावशीला मी इथं बसवून दाखवलंतं, 'नंतर'वर बोट ठेवायचं, 'आता'ला शिवायचं न्हाई, न्हाईतर टॅब बसलाच म्हनून समजा. मावशी लई हुशार. वर्षभर त्यांनी न चुकता 'नंतर'च दाबलं."

"आता मागं नेता येतंय का?"

"न्हाई काका. ते पुढंच जातंय फक्त."

टॅब पिशवीत घालून जालिंदर परत निघाले. उन्हं चढली होती. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, पण रस प्यायला ते थांबले नाहीत. म्हणजे चतुराकडून चूक झाली होती. कधी दूध उतू न घालवणारी, सातवी शिकलेली, सगळ्या मंडळाचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी चतुरा चुकून 'आता'वर बोट ठेवून बसली होती. ही गोष्ट विहारात सांगितली की वनमाला काय काय बोलेल, बायका कशा हसतील, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षं त्यांनी अशाच एखाद्या दिवसाची वाट पाहिली होती. आणि गंमत म्हणजे तो दिवस हातात आल्यावर त्यांना तो मुळीच नकोसा झाला. तिला कुणी हसावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तालमीला बायका जमल्या तेव्हा ते दोन वर्षांत पहिल्यांदाच पायरी ओलांडून आत आले. बुद्धमूर्तीला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि टॅब चतुराबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"नीट व्हनार न्हाई म्हनतोय प्रवीण," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "माझाच हात लागला. परवा काचेवर काय तरी आलंतं, ते पुसाय गेलो आन् दाबलं गेलं."

चतुराबाईंनी वर पाहिलं. त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. बिचारीला फार वाईट वाटलं असावं, असं जालिंदरांना वाटलं आणि आपण खोटं बोललो ते बरंच केलं, अशी त्यांची खात्री झाली.

"बघा, मी म्हनलं न्हवतं का?" वनमालाने टाळी दिली. "आता दंड भरा मामा. काढा ढोलकी."

"त्ये जमायचं न्हाई. मी शब्द दिलाय. पाया पडलं तरी वाजवनार न्हाई म्हनलोय."

"पाया कोन पडतंय? आमी दंड करू लागलोत."

जालिंदरांनी यावर विचार केला. बोलणं बिनतोड होतं. पाया कुणी पडलं नव्हतं, शब्द कुणाचाच मोडत नव्हता, आणि दंड म्हटल्यावर माणसाला भरावा लागतोच.

"दंडच हाय म्हनल्यावर इलाज न्हाई," ते मोठ्या जड मनाने म्हणाले आणि बाहेर पडले. विहारातून दिसतं तिथपर्यंत ते सावकाश चालत गेले. कोपरा वळल्यावर मात्र चपला हातात घेऊन पळायचेच बाकी होते. छातीत आनंद नुसता उड्या मारत होता.

घरी येऊन त्यांनी माळ्याला शिडी लावली. मनात मात्र धास्ती होती. दोन वर्षं पडून राहिलेली ढोलकी, उंदरांनी चामडं ठेवलं असेल की नाही कुणास ठाऊक. ठेवलं असलं तरी दोऱ्या सैल पडलेल्या असणार. चार दिवसांत ती कधी दुरुस्त व्हायची आणि कधी बोलायची?

ढोलकी खाली आली तेव्हा तिच्यावर धूळ नव्हती. चतुराबाईंच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात ती व्यवस्थित गुंडाळलेली होती. जालिंदरांनी गाठ सोडली. ढोलकीच्या तोंडावर चामड्याची कोरी पुडी होती, दुधासारखी पांढरी, मधोमध काळीभोर ताजी शाई. दोऱ्या नव्या, ओढून बांधलेल्या. त्यांनी हात लावला तर अंग कोमट लागलं. दिवसभर उन्हात ठेवून नुकतीच आत आणली असावी, इतकं कोमट. एका बोटाने टिचकी मारली. ढोलकी लगेच, गोड आवाजात बोलली.

दाराशी पावलं वाजली. चतुराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"कावून थांबलात? बायका वाट बघू लागल्यात."

"ही पुडी कधी बदलली?"

"संक्रांतीला पंचशीलाकडं गेलते न्हाई का मी? तवा पोत्यात घालून नेलती, तिथंच बदलून आनली."

"संक्रांतीला," जालिंदर म्हणाले. टॅब बिघडून तर चार दिवसही झाले नव्हते. ते ढोलकीकडे बघत राहिले, मग बायकोकडे. चतुराबाई दाराच्या चौकटीवर नसलेली धूळ पुसत होत्या.

"आन् त्या टॅबवर 'आता'..." त्यांनी सुरुवात केली.

"तुमीच म्हनलात की समद्यांसमोर, तुमचा हात लागला म्हनून." चतुराबाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "लागला असंल मग. चला."

जालिंदरांनी लुगड्याचा तुकडा खांद्यावर टाकला. ढोलकी गळ्यात अडकवली आणि बायकोच्या मागोमाग निघाले. वाटेत त्यांना दोनदा उगाचच हसू फुटलं. दुसऱ्या वेळी चतुराबाईंनाही फुटलं.

विहारात पहिलं कडवं त्यांनी अगदी सांभाळून वाजवलं. नजर चतुराबाईंच्या गुडघ्यावरच्या बोटावर होती. ते बोट जेवढं हलेल तेवढंच पुढे जायचं, हे त्यांनी रस्त्यातच ठरवलं होतं. बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. वनमालासुद्धा काही बोलली नाही.

दुसऱ्या कडव्याला बोट जरा जलद हलू लागलं. जालिंदरांना आधी वाटलं आपलाच भास आहे. त्यांनी हात आवरला तर चतुराबाईंनी भुवया उडवल्या आणि बोट आणखी पळवलं. आवाज चढला, डोळे चमकले. ढोलकीने मग मागेपुढे पाहिलं नाही.

"मामी, आता तुमी बी?" वनमाला ओरडली, पण टाळी तिने सोडली नाही.

कडूबाईंनी रागरंग ओळखला. त्यांनी कवळी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि टाळ्यांसाठी दोन्ही हात मोकळे केले.