उसना हात

डॉक्टरला बघितलं की माझं रक्त उसळतं. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवली, कधी घाबरलो नाही. पण पनवेलच्या दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला की एकशे सत्तर!

डॉक्टर वसुंधरा म्हणाल्या, "गणूकाका, काहींचं बीपी दवाखान्यापुरतंच चढतं. तसं असेल तर लगेच गोळी नको, नुसतं लक्ष ठेवू. पण घरीही चढलेलंच असेल, तर ते गुपचूप हृदय, मूत्रपिंडं, मेंदू सगळं खराब करतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. आकडा बघून घाबरत असाल तर बघू नका, मशीन लक्षात ठेवतं. आणि तोवर मीठ कमी."

मीठ कमी म्हणजे खारा बांगडा बंद. आता कोळ्याने काय दुधी खायचा?

मशीन आणलं. पट्टा बांधताच छाती अशी धडधडली की मी तो काढूनच टाकला. असल्या धडधडीचा आकडा डॉक्टरकडे गेला तर बांगडा जन्माचा गेला. तेवढ्यात रंभा दिसली. माझी बायको. पहाटे करंजा बंदरावरून मासळी आणते, ती घेऊन बाजारात बसते. दवाखान्याची पायरी तिला ठाऊक नाही. तब्येतीचं कुणी विचारलं तर एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" आणि माझ्या वाटचा बांगडाही हल्ली तीच खात होती.

"गो रंभा, हात दे जरा. मशीन बरोबर हाय का बघतो."

"लवकर आटपा. बरफ वितळतोय."

स्क्रीनवर टॉवेल टाकून मी बटण दाबलं. आठवडाभर, दोन्ही वेळा, हात तिचा आणि नाव माझं.

आठव्या दिवशी दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मशीनमधले आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, एकदाही दीडशेच्या खाली नाही. हे दवाखान्याचं भय नव्हे. आजच गोळी सुरू करू. असंच चालू राहिलं असतं तर एक दिवस लकवा आला असता."

"ऐका!" रंभा माझ्यावर डाफरली. "खा आता बांगडा!"

गप्प बसलो असतो तर तिची गोळी मी गिळली असती, आणि ती तशीच पाटी घेऊन बाजारात गेली असती.

"डॉक्टरबाई, तो हात माझा नाय," मी म्हटलं. "हिचा हाय."

रंभा हसली. "काय तरी बोलतात. मला काय धाड..." आणि अर्ध्यावरच थांबली.

डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं शांत बसवून दोनदा मोजलं. एकशे चौसष्ट, एकशे बासष्ट. "घरी तेच, इथेही तेच. गोळी काकूंना," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "तुम्ही पुढच्या आठवड्यात या. स्वतःचा हात घेऊन."

मला हसू आलं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच स्वतःसाठी नव्हे, तिच्यासाठी घाबरलो. मी रंभाचा हात धरला, तिनेही सोडवून घेतला नाही.

आता बांगडा दोघांनाही बंद. सकाळी बाजारात जायच्या आधी मी तिला खुर्चीत बसवतो. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. एवढा वेळ नुसती बसलेली रंभा मी आजवर बघितलीच नव्हती.

"अवो, बरफ वितळतोय," ती म्हणते.

"वितळू दे," मी म्हणतो.