खुंट्याजवळचा दगड

“आवं बाबा, घोंगडीत काय हाय? तोंडानं सांगा की.”

नाथाजीनं पुन्हा विचारलं आणि आप्पासो पुन्हा गप्पच राहिला. बंदराच्या गेटवर घोंगडीचा तुकडा छातीशी धरून म्हातारा नुसता उभा होता. सकाळी आत जाताना काही अडलं नव्हतं. बंदरात काम करणारा मानसिंग सोबत होता, गळ्यात पाहुण्याचा पास होता. आता पाळी बदलली होती, पहाऱ्यावर आता नाथाजी होता, आणि बंदरातून खिळासुद्धा बाहेर न्यायचा तर तपासणी ही हवीच. गाठोडं पट्ट्यावर ठेवा, यंत्रातून जाऊ द्या, एवढंच नाथाजीचं म्हणणं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं.

पण आप्पासोला बोलता येत नव्हतं, आणि हातातलं खाली ठेवताही येत नव्हतं. मुका वगैरे नव्हता हो तो, चांगला बोलका माणूस! त्यांच्या आटपाडीकडच्या धनगरवाड्यात एक रीत होती. माणूस परमुलखात वारला तर देह घरी येतो, त्याला अग्नीही मिळतो, पण जीव मात्र गेल्या जागी घुटमळत राहतो. मग घरच्यानं तिथं जायचं, तिथला एक दगड उचलायचा, त्याला भंडारा लावायचा आणि नाव घेऊन ‘चल घरला’ म्हणायचं. त्यानंतर घराचा उंबरा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि दगड कुठं टेकवायचा नाही. बोललं तर जीव माघारी फिरतो. टेकवला तर तिथंच बसतो.

आप्पासोच्या बापानं असाच एक दगड घाटाखालून मेंढरांबरोबर चालत आणला होता. त्या वाटेला ना गेट होतं, ना पहारेकरी. त्यामुळं दगड उचलायच्या आधी गेटवर सांगून ठेवावं, हे म्हाताऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि मानसिंगलाही घाई झाली, कारण नेमकं तेव्हाच जहाज धक्क्याला लागत होतं. “आप्पा, हिकडनं सरळ गेटाकडं जावा, मी आलोच,” असं सांगून तो दोरांकडं पळाला.

दगड कृष्णातचा होता. म्हाताऱ्याचा एकुलता एक लेक. मेंढरांमागं फिरायचं नाही म्हणून कोकणात उतरला तो बंदरावर चिकटला. काम जहाजं बांधायचं. आलेल्या जहाजाचे मांडीएवढे दोर ओढून धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यांना अडकवायचे आणि जहाज निघालं की सोडायचे. सांगलीकडच्या कारखान्यांची साखर ट्रकनं घाट उतरून इथंच यायची, जहाजात चढायची, आणि कुठल्या कुठं जायची. कोळसा यायचा, खत यायचं. गावी आला की तो हे सगळं रंगवून सांगायचा. बाप म्हणायचा, “म्हंजे आमी घोडी खुट्ट्याला बांधायची आन् तू जहाज. धंदा त्योच की रं.” आणि दोघं हसायचे. लेकाचा त्याला केवढा अभिमान होता!

मागच्या महिन्यात पाण्याला अचानक उधाण आलं. जहाज हेलकावलं, ताणलेला दोर तुटला आणि त्याचा फटका कृष्णातला बसला. शववाहिनी गावात आली, सगळं रीतसर झालं. पण धोंडुबाई काही जेवायला बसेना. नवऱ्याला म्हणाली, “माझं पोरगं त्या मिठाच्या पान्यापाशी एकलं ठिऊ नगा. घरला आना त्याला.”

म्हणून आप्पासो आला होता. धक्क्यावर सगळं काँक्रीट, दगड म्हणून नावाला नाही. शेवटी कृष्णातच्या खुंट्यापुढं, धक्का संपतो तिथं उतारावर लाटा झेलणारे दगड दिसले. त्यातला एक ओला दगड त्यानं स्वतः वाकून उचलला, भंडारा लावला, लेकाला हाक मारली. तो आवाज यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकूही गेला नसेल.

आणि आता हे असं. नाथाजीचा आवाज चढला. मागं माणसं खोळंबली होती. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आप्पासोनं मान हलवली, हातानं खुणा करून पाहिल्या, पण मेलेला लेक खुणेनं कसा सांगायचा? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. नाथाजीनं हात पुढं केला तसा तो मागं सरकला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि उन्हं कलली तरी हलला नाही. मेंढरांमागं जन्म काढलेला माणूस, उभं राहणं त्याला नवं नव्हतं. भीती एकच होती, हातातला दगड कुणी हिसकावून घेईल ही.

जहाज बांधून झाल्यावर मानसिंग धावतच आला. हा पाटणकडचा, दोरवाल्यांचा मुकादम. एका नजरेत त्याला सगळं कळलं आणि तो मनातून चरकला. त्यानं नाथाजीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मग खिशातून एक कार्ड काढलं.

“कृष्णातचं हाय. डब्याच्या पिशवीत ऱ्हायलं हुतं. त्या दिशी पंच करून आत आला, भायेर पडल्याचा पंच न्हाई. मशीन त्याला आजून आतच धरतंय.”

नाथाजी साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं कार्डावरचा फोटो पाहिला, म्हाताऱ्याकडं पाहिलं. यंत्राचा पट्टा त्यानं बंद केला आणि फिरत्या दांड्याच्या गेटाकडं गेला. एका कार्डावर एकच माणूस सोडणारं ते गेट. आप्पासो सकाळसारखाच आपला पास पुढं करायला लागला.

“थांबा बाबा,” नाथाजी हळू म्हणाला. “आदी त्याला जाऊ द्या.”

त्यानं कृष्णातचं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. आप्पासोनं घोंगडीतला दगड दोन्ही हातांनी दांड्याच्या पलीकडं धरला. दांडा रिकामाच एकदा फिरला. मग त्याचा पास लागला, आणि तो लेकाच्या मागून बाहेर पडला.

गावापर्यंत मानसिंग सोबत आला. कंडक्टरशी बोलायला कुणीतरी हवंच होतं.

धोंडुबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. दगड धुऊन आत घ्यायचा, अशी रीत. आप्पासोनं घोंगडी उलगडून दगड तिच्या ओंजळीत दिला.

“आलाय बग,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

दगड वाटेत सुकला होता. भंडाऱ्याच्या पिवळ्यावर पांढरं मीठ फुटलं होतं. कृष्णात सणाला यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला असंच मीठ असायचं. घरला मीठ आनतोस व्हय रं, म्हणत ती सदरा पाण्यात टाकायची.

तिनं दगडावरून बोट फिरवलं. तांब्यातलं पाणी दारातल्या लिंबाच्या बुडाला ओतलं आणि दगड तसाच, न धुता, आत नेला.