शिवेवर थांबलेली देवी

“तठं लगीन कोनाचा होता?” सुकीनं विचारलं.

जयश्री गोंधळली. रेडिओसाठी कार्यक्रम करणारी ही मुलगी मुंबईहून खास रानशेतला आली होती. सुकीच्या अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं बातमी सांगून टाकली होती. दोन वर्षांपूर्वी इथंच ध्वनिमुद्रित केलेल्या लग्नगीतांच्या कार्यक्रमाला परदेशात पहिलं बक्षीस मिळालं होतं. अख्खा पाडा अंगणात लोटला होता, आणि म्हातारीला पडली होती लग्नाची!

“लग्न नव्हतं, आजी. स्पर्धा होती. कुठकुठल्या देशांचे रेडिओचे, टीव्हीचे कार्यक्रम आले होते. आपलं गाणं परीक्षकांनी कानाला हेडफोन लावून ऐकलं. भाषा कळत नव्हती, तरी पहिलं बक्षीस आपल्यालाच दिलं.”

सुकीनं तोंडाला पदर लावला. सुकी आणि जानी या गावच्या धवलेरी. लग्नघरी भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहिला जात असताना गाऊन गाऊन देवीला बोलवायचं आणि चौकात आणून बसवायचं, हे त्यांचं काम. ओळ जानी उचलायची, सुकी मागून झेलायची. उभ्या जन्मात सुकीनं स्वतः ओळ उचलली नव्हती. गेल्या पावसाळ्यात जानी तापानं गेली आणि सुकीनं गाणंच सोडलं. पाड्यातल्या शुक्राच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. बिचाऱ्यानं खेपा घालून घालून चपला झिजवल्या, पण ही काही बधली नाही.

जयश्रीनं लहानसा स्पीकर खाटेवर ठेवला, आणि जानी गाऊ लागली.

सुकी खाटेकडे सरकली. तोच घोगरा आवाज, ओळीच्या शेवटी तोच दम. राज्याच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका ओलांडायचा म्हटलं तरी कुरकुरणारी जानी, मेल्यावर केवढा मुलूख फिरून आली होती! गाण्यातली देवी डोंगर उतरली, ओढा ओलांडून गावाच्या शिवेवर आली. जानीनं पुढची ओळ उचलली आणि आवाज विरत गेला. कुणी बाई इंग्रजीत बोलू लागली.

“मंग? फुडं?”

“इतकंच घेतलंय, आजी. कार्यक्रम अर्ध्या तासाचा असतो ना.”

सुकी ताडकन उभी राहिली. “अगं बाय, काय केलास तू हा? देवीला बोलवली, शिवेवर आनली, नी तठंच उभी ठेवली? सगल्या देशांत?”

जयश्रीला हसू येणार होतं, पण अंगणात कुणीच हसत नव्हतं. शुक्रानं तर डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं.

“चुकलंच माझं,” ती हळूच म्हणाली. “आता काय करायचं?”

“करायचा काय? घरी आनायची.”

सुकी मातीत बसली. ओळ ओठांवर आली आणि तिथंच अडली. ती जानीची होती. आपण उचलली की जानी गेली ती गेलीच, हे तिला पुरतं ठाऊक होतं. सून संगीता पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली, तिला सुकीनं हातानंच थांबवलं. मग डोळे मिटले आणि ओळ उचलली.

आवाज फाटका लागला. पण लागला. जानीची ओळ गायची, लगेच आपलीही गायची, असं एकच गळा दोघींचं काम करू लागला. तिसऱ्या ओळीला मागून संगीतानं चाचरत सूर धरला. मग आणखी दोघीतिघींनी. जयश्री बक्षिसाची पितळी बाहुली मांडीवर घेऊन बायांमध्ये खाली बसली. आपण नक्की काय घेऊन गेलो होतो, हे तिला आत्ता कुठं कळत होतं.

गाणं संपलं तेव्हा उन्हं कलली होती. सुकीनं डोळे पुसले.

“शुक्रा, चौकाचे दिशी गाडी धाड. माना आता चालवत नाय,” ती म्हणाली. मग जयश्रीकडे वळली. “नी तू तुज्या त्या लोकांना कळव. पोचली म्हून सांग.”