दहा लाख नऊ

कल्याणला पारनाक्याजवळ राहणाऱ्या गुरुदत्तपंतांकडे महिन्यातून एकच माणूस येई, आणि तोही भागाकार करायला. ते ठाण्याचे विश्रामपंत. त्यांच्या शाळेला जुन्या चालीप्रमाणे अमावास्येला सुट्टी असे. त्या दिवशी ते सकाळच्या आगगाडीने येत.

बायको सुमतीबाई गेल्या तेव्हा गुरुदत्तपंत नुसते भिंतीकडे तोंड करून बसत. पेन्शनीत निघालेला मास्तर, पोटी मूल नाही. घरात बोलायचं तरी कोणाशी? तेव्हा विश्रामपंतांनीच हा उद्योग मागे लावून दिला. दहा लाख नऊ या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कशाने पुरता भाग जातो का, ते शोधायचं. लहान भाजकापासून चढत जायचं. एकाने धूळपाटीवर भागायचं, दुसऱ्याने नवाचा पडताळा घ्यायचा: अंकांच्या बेरजेतून नऊ-नऊ टाकून द्यायचे, उरलेलं दोन्हीकडे जुळलं की हिशेब बरोबर. एकट्याने पुढे सरकायचं नाही, अशी अट. दोघेही हट्टी, म्हणून ती पाळली गेली. निदान या महिन्यापर्यंत.

या महिन्यात गुरुदत्तपंतांना राहवलं नाही. दुपारी घर खायला उठलं, तसा त्यांनी पुढचा भाजक घेतला, दोनशे त्र्याण्णव. भाग गेला. उत्तर तीन हजार चारशे तेरा, बाकी शून्य. मास्तराला खरं तर आनंद व्हायचा. पण संख्या फुटली, म्हणजे विश्रामपंतांचं येणं संपलं. त्यांनी घाईघाईने पाटीवर हात फिरवला.

अमावास्येला विश्रामपंत गुडघा चोळत ओटीवर टेकले. गुरुदत्तपंतांनी तोच भागाकार पुन्हा मांडला आणि शेवटी बाकीच्या जागी शून्याऐवजी नऊ लिहिला. नवाच्या पडताळ्याला शून्य काय नि नऊ काय, सारखेच. उभा जन्म पोरांच्या असल्या लबाड्या पकडण्यात गेलेला हा माणूस, आता स्वतःच लबाडी करून मान खाली घालून बसला.

विश्रामपंतांनी पडताळा घेतला. जुळला. तरी ते पाटीकडे बघतच राहिले.

"पंत, भाजकाच्या शेवटी तीन, उत्तराच्या शेवटीही तीन. तीन त्रिक नऊ. एकंस्थानचा नऊ तिथेच आला की. मग ही बाकी नऊ कुठली?"

विश्रामपंतांनी बोटाने तो नऊ पुसला आणि शून्य काढलं.

"भाग गेला हो," ते हसून म्हणाले. "सुटलात तुम्ही. आणि मीही सुटलो. स्टेशनापासूनची चाल गुडघ्यांना झेपत नाही आता. तुमचं काम अर्ध्यावर सोडवेना, म्हणून येत होतो."

"काम नसलं तरी येत जा." गुरुदत्तपंत म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

"यायला येईन की. पण बसून करायचं काय?"

विश्रामपंतांनी अगदी साधेपणाने विचारलं होतं. गुरुदत्तपंतांनी पुष्कळ आठवून पाहिलं. विश्रामपंत पागोटं चढवून गाडीसाठी निघाले, तोवर त्यांना काहीच सुचलं नाही.