सगळ्यांना लाल

"हे कोणी केलं?" व्यवस्थापक साहेब बाह्यरुग्ण विभागाच्या मधोमध उभे राहून ओरडले. "मी विचारतोय, कोणी केलं हे?"

विचारायची काही गरज नव्हती. बाकांवर, भिंतीला टेकून, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसे बसली होती आणि एकजात सगळ्यांच्या मनगटावर लाल पट्टी होती. खोकल्याला लाल, पायात काटा गेलेल्याला लाल, जुनी पाठदुखी दाखवायला आलेल्यालाही लाल. लाल म्हणजे आधी आत. पिवळी म्हणजे थांबा आणि हिरवी म्हणजे सावकाश. गर्दी शिस्तीत हलावी म्हणून साहेबांनी ही पद्धत त्याच सकाळी सुरू केली होती. पण सगळ्यांनाच आधी आत जायचे होते आणि तपासायला डॉक्टर एकच होते, त्यामुळे गर्दी हलायचे नाव घेत नव्हती.

त्यातच शेवटच्या बाकावरचे एक सुतार छातीवर हात धरून खाली कोसळले. त्यांची लाल खरीच होती, पण इतक्या लालांत ती दिसणार कुणाला? धावाधाव करून त्यांना आत नेले. वाचले, पण थोडक्यात.

पट्ट्या बांधायला बसली होती माझी ताई. दवाखान्यात तिला मोठ्या सिस्टर म्हणतात. उंचीने सगळ्यांत लहान, औषधांच्या वरच्या फळीला हात पुरत नाही, पण मान मोठा. मी तिची धाकटी बहीण, तिथेच नोंदणीच्या खिडकीत बसते. मला मान वगैरे काही नाही. मला तोंड आवरत नाही म्हणून लोक जरा वचकून असतात, एवढेच.

दुपारी ताईला मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुखांच्या, खोलीत बोलावणे आले. मला नव्हते. तरी मी गेले.

"सिस्टर, मला तर काही कळतच नाहीये," व्यवस्थापक म्हणाले. "हे काम तुम्हालाच का दिलं? तर लढाईत तुम्ही हेच करत होतात म्हणून. तंबूतल्या दवाखान्यात. तुमच्याइतका अनुभव इथं आहे कोणाला?"

हे ऐकले आणि माझे डोके सणकले. भाजलेल्या माणसाला चुलीपाशी बसवायचे, का, तर त्याला आगीची सवय आहे!

कसला अनुभव ते मी सांगते. तंबूतही तीनच रंग होते. लाल, पिवळा आणि काळा. काळा म्हणजे याच्यावर औषध आणि वेळ घालवायचा नाही. काळ्या पट्टीची माणसे मेलेली नसत. त्यांना तंबूमागे सावलीत नेऊन ठेवत. पट्टीचा अर्थ त्यांना ठाऊक नसे, म्हणून ती ताईला विचारत, "सिस्टर, माझा नंबर कधी?" ताई म्हणायची, "आता येईलच हं." तो येणार नाही हे तिला माहीत असायचे. हे तिने मला एकदाच सांगितले, भाजी निवडताना, मान वर न करता.

आणि कुणाला कोणता रंग हे कोण ठरवत असे? समोर बसलेले हेच मोठे डॉक्टर. तेव्हा तरुण होते. चालता चालता बोट दाखवायचे आणि पुढे जायचे. मागून ताई वाकून पट्टी बांधायची. बोट यांचे, गाठ हिची. पुढे बोटाला बढती मिळाली, खोली मिळाली, दारावर पाटी मिळाली. गाठ बांधणारीला एक प्रशस्तिपत्र मिळाले.

माझी मुलगी एकदा शाळेत जाताना ताईपुढे पाठ करून बसली. ताईने तिचे केस विंचरले, वेणी घातली आणि रिबीन हातात तशीच धरून राहिली. "ही तुझ्या आईकडून बांधून घे," म्हणाली.

"मावशी, तुला गाठ मारता येत नाही?"

"येते गं," ताई म्हणाली. "चांगली येते."

अशा बाईच्या हातात साहेबांनी पट्ट्यांचा डबा दिला होता. तिने नाही म्हटले नाही. नाही म्हणायचे तिला कधी कुणी शिकवलेच नाही.

मोठे डॉक्टर चष्मा पुसत होते. "ते दिवस वेगळे होते," ते म्हणाले. "लढाई संपली आता, सिस्टर. इथं काळी पट्टी नाहीच. हिरवी बांधली म्हणून कोणी मरत नाही."

"माहीत आहे, सर."

"मग?"

"पहिली मी हिरवीच बांधली होती," ताई म्हणाली. "बांधली, आणि त्या बाईंनी वर बघून विचारलं, सिस्टर, माझा नंबर कधी? मग मी ती सोडली आणि लाल बांधली. पुढच्यानंही तेच विचारलं. सगळे तेच विचारतात, सर."

मोठ्या डॉक्टरांचा चष्मा पुसून झाला होता, तरी ते पुसतच होते.

"त्या सुतारांना माझ्यामुळे थांबावं लागलं," ताई म्हणाली. "चूक माझीच आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त पट्ट्या मला देऊ नका. थांबलेल्या लोकांजवळ बसवा. किती वेळ लागेल ते खरं खरं सांगेन, काय हवं-नको ते बघेन."

"असं काही पद नाही आपल्याकडे," व्यवस्थापक म्हणाले. "आणि आता तुम्हाला लोकांसमोर ठेवणं जोखमीचं आहे. उद्यापासून भांडारात बसा. कापूस, बँडेज, एवढंच सांभाळायचं. शांत जागा आहे. तुमच्या मनालाही बरं."

"तिचं मन तुम्हाला आज आठवलं?" मी म्हणाले. "ती झोपेतून 'आले हं, आले' म्हणत उठते, तेव्हा कुठे होतात सगळे? गरज सरो, वैद्य मरो! आणि सर, तुमचं काय हो? तुम्हाला बरी झोप लागते?"

"गप," ताईने माझा दंड धरला.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर पाहिले. "गोळी घेतो," ते म्हणाले. "घेतल्याशिवाय नाही लागत."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. खिडकीबाहेर बघायला त्यांना निदान खिडकी होती.

"भांडारात मी नाही जायची," ताई म्हणाली. "मला माणसांत राहायचंय."

"मग घरी बसावं लागेल," व्यवस्थापक म्हणाले.

"बरं."

तिने खिशातली कात्री आणि थर्मामीटर काढून टेबलावर ठेवले. दवाखान्याचे होते. मोठे डॉक्टर तिला थांबवतील असे मला वाटले होते. पण ते त्या कात्रीकडे बघत बसले.

रस्ताभर मी तणतणत होते. मीही नोकरी सोडते म्हणाले. ताई म्हणाली, "तू तुझी खिडकी सोडू नकोस हं. दोघी घरी बसलो तर भांडून भांडून मरू."

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली तेव्हा पट्ट्या बांधायला एक नवी सिस्टर बसली होती. भराभर बांधत होती, वर न बघता. थोड्या वेळाने ताई आली, घरच्या कपड्यांत. माझ्याकडे आली नाही. सरळ मागच्या बाकावर गेली, हिरवी पट्टी बांधलेल्या एका आजींच्या शेजारी बसली. आजींनी तिला काहीतरी विचारले. ताईने डॉक्टरांच्या दाराकडे पाहिले, पुढच्या माणसांवरून नजर फिरवली.

"जेवणाची वेळ होईल, आजी," ती म्हणाली. "त्याआधी नाही व्हायचं. मी बसते तोवर."

"बस बाई," आजी म्हणाल्या आणि थोड्या सरकल्या.

व्यवस्थापक साहेब फेरीवर आले तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांनी वॉचमनला हाक मारली. "बाक पेशंटसाठी आहेत. त्यांना उठवा."

वॉचमन गेला. बाकासमोर उभा राहिला, मान खाजवली आणि तसाच परत आला.

"साहेब, नाही उठवता येत."

"का? ऐकत नाहीत?"

"मी काही बोललोच नाही. त्या आजींना झोप लागलीय, सिस्टरांच्या खांद्यावर. रात्रभर दुखत होतं म्हणे."

"मग?"

"मग सिस्टर उठल्या तर आजींचं डोकं पडेल ना, साहेब."

साहेब स्वतःच पुढे निघाले आणि बाकाजवळ जाऊन थांबले. ताईने त्यांच्याकडे पाहिले, पण खांदा हलवला नाही.