झोपून दाखवा

घर घ्यायचं तर आधी घर तपासणारा माणूस पारखून घ्यावा लागतो, हे लोकांना पटतच न्हाय. मी सास्तूरचा कोंडीराम. त्र्याण्णवच्या भूकंपात थोरला भाऊ शांतलिंग घरात झोपला होता, मी अंगणात. तो गेला, मी राहिलो. तवापासनं मी पत्र्याच्या शेडातच झोपतो. डोक्यावर स्लॅब असला की डोळा लागत न्हाय. माझ्यापायी बायकोनं, कडूबाईनंबी पत्र्याखालीच जन्म काढला. आता तीबी न्हाय.

पुण्याची लेक चारुशीला म्हणाली, "अण्णा, पत्र्याखाली श्रियाला कशी ठेवू? धड घर घ्या, मग सुट्टीला पाठवते." नात येणार म्हटल्यावर मी नळदुर्गात एक घर बघितलं. पण तिला ज्या स्लॅबाखाली झोपवायचं, त्याची मला खात्री पाहिजे होती.

विकणारा कृष्णराज म्हणाला, "माझ्या ओळखीचा इंजिनियर आहे, फुकटात बघंल."

"वा रे वा! तुझ्या माणसानं तुझंच घर तपासायचं व्हय?" म्हटलं. तरी बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "काका, घर एक नंबर!" मी खोलीत सतरंजी टाकली. "मग घटकाभर इथं झोपून दाखवा." तो हसला आणि गाडीला किक मारून गेला.

दुसऱ्यानं होकायंत्र काढून ईशान्य दिशा सांगितली. झोपायचं नाव काढल्यावर त्याला अर्जंट फोन आला. आला कसला, मेल्यानं स्वतःच वाजवला!

तिसरी अर्पिता, धाराशिवची इंजिनियर. तिनं घर कुणी बांधलं, कधी बांधलं, सगळं विचारलं. हातोडीनं भिंती वाजवल्या. दाराखिडक्यांवरचा, भूकंपात भिंती धरून ठेवणारा सिमेंटचा पट्टा चारी बाजूंनी सलग आहे का, ते यंत्र लावून बघितलं. म्हणाली, "मोरीच्या भिंतीला ओल आहे, ती दुरुस्त करा. बाकी घर मजबूत. लेखी देते."

"लेखी राहू द्या. झोपता का?"

ती हसली न्हाय. "का हो काका?" म्हणाली. मी शांतलिंगचं सांगितलं. तिनं चपला काढल्या आणि सतरंजीवर आडवी झाली.

मला वाटलं, डोळे मिटून नाटक करंल. तर पोरगी खरंच झोपली! सकाळपासनं उन्हात राबलेली असणार. दार सताड उघडं ठेवून मी उंबऱ्यावर बसलो. आत कुणीतरी निवांत झोपलंय आणि आपण राखण करतोय, किती वर्षांनी! लई बरं वाटलं. हाटेलातनं मागवलेला चहा गार झाला, पण उठवायचा धीर झाला न्हाय.

घर घेतलं. मोरी दुरुस्त केली. श्रियासाठी नवी गादी भरून घेतली. मग चारुशीलाचा फोन आला, "अण्णा, यंदा तिचा क्लास आहे ओ. पुढच्या सुट्टीत नक्की."

"व्हय व्हय, शिक्षण आधी," म्हटलं. फोन ठेवला आणि मोठ्यानं रडलो. ऐकायला होतंच कोण?

मी अजून अंगणात पत्रा टाकूनच झोपतो. आतली गादी तशीच कोरी आहे. परवा मी अर्पिताला फोन लावला.

"बाई, भिंतीला चीर पडल्यागत वाटतंय."

"कुठल्या भिंतीला, काका?"

मी आत गेलो. चारी भिंतींवरनं हात फिरवला. कुठंच काही नव्हतं.

"ते फोनवर न्हाय सांगता येत," म्हटलं. "एकदा या. घटकाभर झोपा, मग बघू."